दोष कानाचा की राजधानीचा

रायपूर राजधानी झालं आणि माझ्या सासऱ्यांना ऐकू येईनासं झालं. दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडल्यामुळे दोष कुणाचा यावर आमच्या घरात पाच-सहा वर्षं वाद चालला. सासरे म्हणायचे राजधानीचा, नवरा म्हणायचा कानाचा. मी दोघांच्या मध्ये पोळ्या लाटत असायचे, त्यामुळे माझं मत कुणी विचारलं नाही.

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. आमचे मामाजी रेल्वेतले तारबाबू. मूळचे वर्धेकडचे, नोकरी गोंदियापासून बिलासपूरपर्यंत, आणि रिटायर झाल्यावर रायपूरच्या समता कॉलोनीत घर. तारेची यंत्रं भंगारात गेली तरी बोटांची सवय जाईना, म्हणून त्यांनी हौशी रेडिओचा परवाना जपून ठेवला होता. हा एक छंद असतो. सरकारची परवानगी काढून घरात ट्रान्समीटर ठेवायचा, छतावर तार ताणायची आणि हजार मैलांवरच्या अनोळखी माणसाला गाठायचं. गाठून काय बोलायचं? तर, तुझा सिग्नल मला असा येतो, माझा तुला कसा येतो? बस. एवढं विचारण्यासाठी भली भली माणसं जेवण थंड करतात.

त्यातही मामाजी तोंडानं बोलणाऱ्यांतले नव्हते. ते फक्त मोर्समध्ये, म्हणजे आखूड डिट आणि लांब डा वाजवून बोलायचे. माईकवर बोलणाऱ्यांना ते "भाजीवाले" म्हणायचे. मी लग्न होऊन रायपूरच्याच तात्यापारा मोहल्ल्यातून या घरात आले तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडून दिवसभर डिट-डा-डिट चालायचं. आधी डोकं उठलं, मग सवय झाली, मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की कुकर लावता लावता मी अक्षरं ओळखून राहिले आहे. मीही परीक्षा दिली आणि परवाना मिळवला, पण खालच्या दर्जाचा. वरच्या दर्जाला मोर्स ऐकून लिहावं लागतं, त्यात मी दोनदा नापास झाले. म्हणजे मी भाजीवालीच राहिले. शाळेत पोरांना विज्ञान शिकवणारी बाई आणि मोर्समध्ये नापास, हे मामाजींनी नातेवाइकांत किती वेळा सांगितलं त्याला हिशेब नाही.

मग राजधानी आली. गल्लोगल्ली बांधकाम, बांधकामावर वेल्डिंग, दवाखान्यात नवी मशिनं, घरोघरी इन्वर्टर, बोअरचे पंप, सदर बाजारात दागिन्यांच्या दुकानांवर झगमग पाट्या. या प्रत्येक गोष्टीची खरखर रेडिओत येते, हे खोटं नाही. मामाजींची स्टेशनं हळूहळू कमी झाली. दिवसाला दहा माणसं गाठणारा माणूस आठवड्यातून एकावर आला. "बँडवर नुसती खरखर आहे," ते म्हणायचे, "राज्य वेगळं करून यांनी माझा रेडिओ बुडवला." मग ते हातात ट्रान्झिस्टर धरून भर दुपारी कॉलोनीत फिरायचे आणि जिथे खरखर वाढेल तिथली बेल दाबायचे. "भैया, आपका इन्वर्टर बहुत गंदा है." समोरचा भला माणूस इन्वर्टर पुसून घ्यायचा. त्याला बिचाऱ्याला काय कळणार?

पण खरखर कुकरमध्ये नव्हती ना. तीन शिट्ट्या मोजा म्हणून मामाजींना बसवलं तर सात व्हायच्या आणि भाताची पेज व्हायची. बेल ऐकू नाही, फोन ऐकू नाही. नवरा म्हणायचा, "बाबा, एकदा कान चेक करून घ्या ना." मामाजी म्हणायचे, "पहिले तुझं डोकं चेक कर." मग दोघं दोन खोल्यांत जाऊन बसायचे आणि मी दोन ताटं दोन खोल्यांत नेऊन द्यायचे. एकदा मी ओरडले, की मी काय हॉटेल उघडलं आहे का? नवऱ्याला ऐकू गेलं. मामाजींना गेलं नाही.

अशात मामाजींना डोंगराची कल्पना सुचली. कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं होतं की जगभर माणसं पाठीवर रेडिओ घेऊन डोंगराच्या माथ्यावर चढतात आणि तिथून स्टेशनं गाठतात. त्याचे नियम असतात. शेवटचा चढ आपल्या पायानं चढायचा, वीज आपल्या पाठीवरच्या बॅटरीची, आणि निदान चार वेगवेगळ्या माणसांशी संपर्क झाला तरच माथा सर झाला असं धरायचं. आमच्याकडे तेव्हा त्याची यादी नाही, नोंद नाही, विचारणारं कुणी नाही. मामाजींनी नियम वहीत उतरवून घेतले आणि ते स्वतःलाच लावले.

"डोंगरावर वीज नाही, इन्वर्टर नाही," ते मला म्हणाले. "तिथे मले ऐकू आलं तर दोष राजधानीचा. नाही आलं..." त्यांनी वही मिटली. थोड्या वेळानं म्हणाले, "चार नाही झाले तर सेट बांधून माळ्यावर टाकू. मंग तुमी छतावरची तार काढून कपडे वाळत घाला."

हे ते हसत म्हणाले, पण मला हसू आलं नाही. त्या सेटशिवाय या माणसाचं दिवसभर काय होणार, हे घरात फक्त मला माहीत होतं, कारण दिवसभर भिंतीपलीकडे मी होते. म्हणून मी एक लबाडी केली. मामाजींच्या वहीतून चार जुन्या मित्रांचे नंबर काढले. भिलाईचे, नागपूरचे, जबलपूरचे आणि बिलासपूरचे. चौघांना फोन करून सांगितलं, काका, अमुक रविवारी सकाळी दहानंतर अमुक फ्रिक्वेन्सीवर ऐका, त्यांना उत्तर द्या, आणि कृपा करून हळू वाजवा. चौघांनी "हव, हव" केलं. नागपूरचे काका तर रडायलाच लागले.

डोंगर धमतरीच्या पुढचा. नक्षलवाद्यांच्या त्या दिवसांत जंगलात वायरलेस आणि तारेचं भेंडोळं घेऊन हिंडणं म्हणजे स्वतःहून गळ्यात धोंडा बांधणं, म्हणून आधी त्या भागाच्या ठाण्यात परवान्याची झेरॉक्स द्यायला गेलो. ठाणेदारानं कागद उलटा-सुलटा पाहिला.

"ऊपर जाके बात किससे करोगे?"

"जो मिल जाए," मामाजी म्हणाले.

"मतलब नाम पता नहीं?"

"नहीं."

"बात क्या करोगे?"

"पूछेंगे, सुनाई दे रहा है क्या."

ठाणेदारानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझ्याविषयी खरी दया होती. "दीदी," तो म्हणाला, "चाचाजी को मोबाइल दिला दो." मग त्यानं शिक्का मारून दिला.

रविवारी सकाळी नवऱ्यानं गाडी डोंगराच्या पायथ्याशी लावली आणि जाहीर केलं की तो वर येणार नाही. गुडघा दुखतो म्हणे. गुडघा-बिडघा काही नाही, त्याला बापाचा पडलेला चेहरा बघायचा नव्हता. ते मला समजत होतं, तरी राग आला. बॅटरी मग मला उचलावी लागली. स्कूटरची बॅटरी, शाळेच्या दप्तरात घालून. मामाजींनी सेट स्वतःच्या पाठीवर घेतला. तो त्यांनी घरीच बनवला होता, चपात्यांच्या डब्याएवढा, आणि त्याला एका मेलेल्या टेपरेकॉर्डरमधून काढलेला काटा लावला होता. आवाज आला की काटा हलतो, असा. स्पीकर नाही, फक्त हेडफोन. मी दोनदा म्हटलं, द्या इकडे. ते म्हणाले, "तुमी बॅटरी सांभाळा, भाजीवाली."

दीड तास चढलो. सत्तरी ओलांडलेला माणूस, दर पन्नास पावलांवर थांबायचा आणि थांबण्याला काहीतरी कारण काढायचा. हे झाड पाहा, तो तलाव पाहा. मी झाडं पाहिली, तलाव पाहिला, आणि मनातल्या मनात नवऱ्याच्या गुडघ्याचा उद्धार केला. वर सपाट जागा, मोठे दगड, एका दगडाला शेंदूर आणि दोन लाल झेंडे. तेंदूच्या झाडावरून तार न्यायची होती. तारेच्या टोकाला दगड बांधून मी फेकला तर तो पहिल्यांदा परत माझ्याच पायाशी आला, दुसऱ्यांदा मामाजींच्या टोपीला लागला. तिसऱ्यांदा फांदीवरून गेला. "परीक्षेतबी तिसऱ्यांदा बसायले पाहिजे होतं," मामाजी म्हणाले.

सेट जोडला. आधी मी हेडफोन लावून पाहिला आणि, अरे बाप्पा! इतकी शांतता मी रेडिओत कधी ऐकली नव्हती. खरखर नावाला नाही. आणि त्या शांततेत लांबवरचा एक बारीक डिट-डा. राजधानीबद्दल मामाजी खोटं बोलत नव्हते. मला इतका आनंद झाला की मी हेडफोन काढून जवळजवळ त्यांच्या डोक्यावर आदळला.

मामाजी दगडावर बसले, सेट पुढ्यात, वही मांडीवर. त्यांनी हाक वाजवली. कुणी आहे का, कुणी आहे का. मग थांबले, मान खाली, डोळे सेटवर. मी शेंदराच्या दगडापाशी उभी. देवावर माझा फार भरवसा नाही, पण त्या दिवशी त्या दगडाला मी दोन-तीन गोष्टी सांगितल्या.

पेन्सिल हलली. एक अक्षर, दुसरं, तिसरं. भिलाई! मामाजींनी उत्तर वाजवलं, रिपोर्ट दिला, रिपोर्ट घेतला, वहीत ओळ पुरी केली. पाच मिनिटांत नागपूर. मग जबलपूर. मी अक्षरशः नाचले त्या डोंगरावर. दोन झेंडे आणि मी, आणखी कुणी पाहायला नव्हतं म्हणून बरं. म्हातारा ऐकत होता! सहा वर्षं नवरा कान-कान करत होता आणि कान शाबूत होते. खाली जाऊन त्याला काय काय ऐकवायचं त्याची वाक्यंसुद्धा मी जुळवायला लागले.

पाणी द्यावं म्हणून जवळ गेले आणि दगडाच्या फटीत काहीतरी चमकलं. हेडफोनची पिन. सेटमध्ये असायला पाहिजे ती पिन, वायरीसकट बाहेर पडलेली.

मी ती उचलली. मामाजींच्या डोळ्यांसमोर धरली. त्यांनी पिनेकडे पाहिलं, मग सेटच्या रिकाम्या भोकाकडे.

"कधीची?" ते म्हणाले.

"मला काय माहीत!"

मामाजींनी पिन माझ्या हातातून घेतली. मग त्यांनी सेटवरच्या काट्यावर बोट ठेवलं. "हा पाहून राहिलो होतो," ते म्हणाले. "थोडा हलला तर डिट, जास्त हलला तर डा. पिन असली काय, नसली काय." आणि मग, माझ्याकडे न बघता, "पहिल्यापासूनच काही ऐकू येत नव्हतं, बाई. घरीबी तसंच चालू होतं. पण सगळे फास्ट वाजवतात, काटा पोचत नाही. आज का कोण जाणे, तिघंबी बैलगाडीसारखे वाजवून राहिले."

माझं तोंड पडलं. तारबाबूच तो, त्याला समजायला कितीसा वेळ लागणार.

"तुमी फोन केले," ते म्हणाले.

"हो."

"चौघांनाबी?"

"हो."

मला वाटलं आता डोंगर डोक्यावर घेणार. ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. "मी काटा पाहून राहिलो अन् तुमी फोन लावून राहिल्या," ते म्हणाले. "काय घर आहे आपलं!" मीही हसले आणि हसता हसता मला रडू आलं, चांगलं हमसून. किती मूर्ख होते मी. भिंतीपलीकडे दिवसभर बसून मला वाटायचं की मला सगळं माहीत आहे.

पण चौथा बाकी होता. बिलासपूर येईना. मागाहून समजलं की त्यांच्याकडे सकाळपासून लाइट नव्हती. मामाजी हाक वाजवत राहिले, काटा पडून राहिला. बॅटरीही मंदावत चालली होती. मी म्हटलं, तीन तर तीन, चला. ते म्हणाले, "तीन धरत नाहीत."

तेवढ्यात काटा हलला. हलला म्हणजे थरथरला नुसता. कुणीतरी भलतंच जोरात वाजवत होतं. मामाजींनी डोळे बारीक केले, चष्मा पुसला, पेन्सिल टेकवली आणि काहीच लिहिलं नाही. मग त्यांनी हेडफोन काढला, पिन भोकात घातली आणि तो माझ्या डोक्यावर चढवला.

"मले एवढं फास्ट समजत नाही, मामाजी!" घाबरले की मी माहेरचं बोलते.

ते थोडं थांबले. मग त्यांनी मोर्स वाजवायच्या कीवर तीन अक्षरं वाजवली. ती तीन अक्षरं मला माहीत होती, परीक्षेच्या पुस्तकात पहिल्याच पानावर होती. त्यांचा अर्थ, जरा हळू वाजवा. चाळीस वर्षं तारबाबू राहिलेल्या माणसानं ही अक्षरं कधी कुणाला पाठवली नव्हती. ती पाठवणाऱ्यांची टिंगल करायचे ते. वाजवून झाल्यावर त्यांनी शर्टाची बाही वर केली आणि हात माझ्यापुढे धरला.

"समजू नका," ते म्हणाले. "जसं ऐकू येते तसं नुसतं दाबा."

पलीकडचा माणूस हळू झाला. कोण कुठला, देव त्याचं भलं करो. मी त्यांच्या मनगटावर बोटानं दाबू लागले. डिटला टिचकी, डाला दाब. पहिली दोन अक्षरं मी चुकवली. मामाजी खेकसले, "नीट! लांब दाबा, लाजता काय!" मी लांब दाबलं. त्यांच्या उजव्या हातातली पेन्सिल चालू झाली. माझ्या कानातून आलेलं माझ्या बोटातून त्यांच्या मनगटात जात होतं, तिथून वहीत उतरत होतं, आणि मध्ये मी कुठे होते ते मला ठाऊक नाही. त्यांचं कातडं पातळ होतं आणि नाडी माझ्या बोटाखाली धावत होती. तिकडून रिपोर्ट आला. मामाजींनी रिपोर्ट दिला. मग त्या माणसानं विचारलं, चालवणारा कोण, नाव काय?

मामाजींनी आपलं नाव वाजवलं, भराभर, नेहमीसारखं. मग थांबले. मग 'आणि' वाजवलं, आणि पुढे एकेक अक्षर सुटं सुटं, अगदी नर्सरीतल्या पोराला शिकवावं इतकं हळू. हेडफोन माझ्या कानाला होता. पुढचं नाव माझं होतं, आणि मी ते सगळंच्या सगळं ऐकून ओळखलं.

वहीत चौथी ओळ पुरी झाली आणि बॅटरी गेली. उतरताना मामाजींनी झाडं दाखवली नाहीत, तलाव दाखवला नाही. थकले तेव्हा सरळ "थकलो" म्हणाले आणि बसले. सेट मी या वेळी मागितला नव्हता तरी अर्ध्या वाटेत माझ्या हातात दिला.

खाली नवरा गाडीच्या बॉनेटवर पेपर पसरून उभा होता. आम्ही दिसताच त्यानं घाईघाईनं पेपरची घडी केली. त्यानं माझा रडून सुजलेला चेहरा पाहिला, बापाची रिकामी पाठ पाहिली, माझ्या हातातला सेट पाहिला. "काय झालं?" त्यानं मला विचारलं. बापाला काही विचारायची सवयच राहिली नव्हती त्याला.

उत्तर मामाजींनी दिलं. "वर काही खरखर नव्हती रे," ते म्हणाले. "राजधानीचा दोष नाही. माझेच कान गेले. उद्या घेऊन चल डॉक्टरकडे."

सहा वर्षं नवरा हेच ऐकायला टपून होता. मला वाटलं, आता म्हणेल, मी सांगत नव्हतो? त्यानं पेपरची घडी उलगडून पुन्हा घातली. मग बापाकडे न बघता, पुटपुटल्यासारखं म्हणाला, "नाही बाबा, असं नाही. शहरात गोंगाट खरंच वाढला आहे. मलेबी आजकाल काही ऐकू येत नाही."

मामाजींना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी कानामागे हात नेला, पहिल्यांदाच. आणि नवऱ्याला ते सगळं खोटं दुसऱ्यांदा, भर जंगलात ओरडून सांगावं लागलं.